पांढरेपणा काचेवर, हवेत की फाईलमध्ये? गिझर, गरम झरे आणि दऱ्यांचे फोटो धुरकट का येतात

आमच्या सोलापुरात गिझर म्हणजे बाथरूममधला. त्यामुळं मागं एकदा एक निवृत्त मुख्याध्यापक आमच्या फोटोच्या दुकानात येऊन ‘गिझरचे फोटो सगळे खराब आलेत हो’ म्हणाले, तेव्हा काउंटरवरच्या पोराला वाटलं, सर वॉरंटीसाठी फोटो काढून आणलेत. सर मुलाकडे अमेरिकेला चार महिने राहून आले होते आणि मुलानं गाडी काढून त्यांना यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान दाखवलं होतं. तिथं जमिनीतून उकळतं पाणी उसळतं, त्यालाही गिझरच म्हणतात. कार्डावर सहाशेच्या वर फोटो. निम्म्याहून जास्त फोटोंवर कुणीतरी पातळ ताक ओतल्यासारखं.

‘मुलगा म्हणतो कॅमेरा जुना झालाय, टाकून द्या,’ सर म्हणाले.

कॅमेऱ्याला काही झालेलं नव्हतं.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला हे दरवर्षी होतं. अमेरिकेहून परतलेले आई-वडील, आइसलँड करून आलेलं डॉक्टर जोडपं, कोकणात उन्हवऱ्याच्या कुंडावर जाऊन आलेली मंडळी, सगळ्यांची तक्रार एकच: फोटो धुरकट. आणि उपायही सगळ्यांनी एकच करून बघितलेला असतो. एडिटिंगमधली ‘डीहेझ’ची, म्हणजे धुरकटपणा काढायची, पट्टी उजवीकडं टोकापर्यंत ओढायची. मग वाफ अशी काळपट होते की ऐन हंगामात साखर कारखान्याचं धुराडं पेटलंय असं वाटावं. प्रत्येकाला काउंटरवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो.

‘धुरकट’ म्हणणं हे ‘ताप आलाय’ म्हणण्यासारखं आहे. ताप कशामुळं आलाय ते कळल्याशिवाय गोळी कुठली द्यायची? पांढरेपणा तीन ठिकाणी असू शकतो: लेन्सच्या काचेवर, मधल्या हवेत किंवा कॅमेऱ्यानं लिहिलेल्या फाईलमध्ये. तिन्हीचे उपाय वेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला केला तर फोटो आणखी बिघडतो.

आधी निदान

एकाच जागी काढलेले सलग चार-पाच फोटो उघडा आणि पटापट पुढं-मागं करा. पांढरट पट्टा किंवा डाग प्रत्येक फोटोत त्याच कोपऱ्यात बसून असेल, तुम्ही कॅमेरा वळवला तरी तोही सोबत वळत असेल, तर दोष काचेवर आहे. पांढरेपणा जागा बदलतो, एका फोटोत डावीकडं दाट तर पुढच्यात विरळ, तर ती हवेतली वाफ. आणि वाफ बरोबर जागेवर आहे, पण तिच्यात काही तपशीलच नाही, कोऱ्या कागदासारखी पांढरी किंवा उलट मळक्या चादरीसारखी राखाडी, तर कॅमेऱ्याचं उजेडाचं मोजमाप चुकलंय.

सरांच्या कार्डावर तिन्ही प्रकार होते. बऱ्याच लोकांच्या कार्डावर असतात, कारण एका दिवसात माणूस पहाटेच्या थंडीतून निघून गरम वाफेत शिरतो, तिथून भर उन्हात दरीच्या कडेला उभा राहतो. ही चाचणी घरी येऊन करायची नाही. तिथंच, पहिल्या पाच मिनिटांत, स्क्रीनवर फोटो मोठा करून करायची. घरी आल्यावर फक्त पोस्टमॉर्टेम होतं.

काचेवरचा पांढरेपणा

मोबाईलवाल्यांनी सगळ्यात आधी अंगठा बघावा. निम्मे धुरकट मोबाईल-फोटो हे मागच्या लेन्सवर उमटलेल्या बोटाच्या तेलकट ठशामुळं असतात. दिव्याभोवती किंवा सूर्याभोवती लांब तिरक्या रेघा दिसल्या तर नक्की तेच. सुती रुमालानं पुसा, प्रश्न मिटला.

कॅमेऱ्याच्या बाबतीत दुसरी गोष्ट होते, आणि आपल्या गावच्या माणसाला ती सहसा कळत नाही. सोलापूरची हवा वर्षातले आठ महिने इतकी कोरडी की लेन्सवर दव धरणं हा प्रकार आपण बघितलेलाच नसतो. एसी खोलीतून कॅमेरा काढून थेट मे महिन्याच्या उन्हात नेला तरी काही होत नाही. चष्मेवाल्यांना मात्र माहीत आहे: थंडीत गरम चहाचा कप तोंडाशी नेला की काच पांढरी. यलोस्टोनमध्ये ओल्ड फेथफुल या प्रसिद्ध गिझरचा परिसर समुद्रसपाटीपासून २२०० मीटरहून उंच आहे. ऐन ऑगस्टमध्येसुद्धा तिथं पहाटे ५ अंशांखाली थंडी असते. रात्रभर गाडीत गार पडलेली लेन्स घेऊन तुम्ही वाफेत शिरलात की तिच्यावर पाणी धरणारच. कोकणात उलट्या कारणानं हेच होतं. दापोलीकडच्या उन्हवऱ्याला किंवा वज्रेश्वरी-अकलोलीच्या कुंडांवर जाताना गाडीतला एसी लेन्सला गार करून ठेवतो आणि दार उघडलं की बाहेरची दमट हवा तिच्यावर बसते.

पुसत बसू नका. पुसलं की पुन्हा धरतं, आणि कडेनं पाण्याच्या रेघा राहतात त्या वेगळ्याच. कॅमेरा बॅगेत किंवा झिपवाल्या प्लॅस्टिक पिशवीत बंद ठेवून बाहेरच्या हवेत वीस-पंचवीस मिनिटं राहू द्या. काच आणि हवा सारख्या तापमानाला आल्या की दव आपोआप जातं. वाफेत उभं राहून लेन्स बदलायची नाही, म्हणजे नाहीच. आत सेन्सरवर ओलावा गेला तर तो तुमच्या हातानं निघत नाही.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, आणि त्याचा फटका मी स्वतः खाल्लाय. अमेरिकेत बहिणीकडं गेलो होतो तेव्हा यलोस्टोनच्या अप्पर गिझर बेसिनमध्ये एका गिझरसमोर लाकडी फळ्यांच्या वाटेवर उभा होतो. वारा पाठीमागून, सगळं छान. अचानक वारा फिरला आणि बारीक कोमट तुषार अंगावर, चष्म्यावर, लेन्सवर. मी हसत हसत फोटो काढत राहिलो. थेंब उन्हात वाळले. अर्ध्या तासानं फिल्टर (लेन्सवर चढवायची संरक्षक काच) बघितला तर त्यावर तांदळाच्या पेजेचे शिंतोडे वाळावेत तसे शेकडो पांढरे ठिपके. शर्टानं पुसले, हलले नाहीत. रात्री पाण्यानं धुतले, हलले नाहीत. कुणीतरी व्हिनेगर सांगितलं. व्हिनेगरनंही काही नाही.

कारण ते क्षार आपल्या बोअरच्या पाण्याचे नव्हते. बोअरचं पाणी वाळून बादलीवर पांढरा थर धरतो तो बहुतांशी चुन्याचा; लिंबू-व्हिनेगरनं विरघळतो. यलोस्टोनच्या बहुतेक गिझरांच्या पाण्यात सिलिका असते. जमिनीखालचा रायोलाइट नावाचा खडक सिलिकानं भरलेला. उकळतं पाणी त्यातून ती विरघळवून वर आणतं आणि पाणी निवलं-वाळलं की ती मागं राहते. गिझरच्या तोंडाभोवती जो राखाडी-पांढरा खडबडीत ओटा दिसतो तो याच सिलिकाचा, हजारो वर्षं थरावर थर बसून झालेला. तुमच्या लेन्सवर त्याचीच छोटी आवृत्ती तयार होते. काच म्हणजे सुद्धा मुख्यतः सिलिकाच. लिंबू-व्हिनेगर तिचं काही करू शकत नाही.

म्हणून तिथं लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर हवाच. एरवी मी गिऱ्हाइकाला यूव्ही फिल्टर गळ्यात मारत नाही, पण इथं तो हुतात्मा व्हायला न्यायचा. तुषार उडाले की वाळायच्या आत, ओले असतानाच, मऊ कापडानं टिपून घ्या, घासू नका. दोन-तीन कोरडी मायक्रोफायबर कापडं वेगवेगळ्या खिशात ठेवा. चष्माही काढून ठेवा किंवा लगेच पुसा. माझ्या चष्म्याच्या उजव्या काचेवर अजून चार ठिपके आहेत.

हवेतला पांढरेपणा

आता खरा विषय. वाफेचा फोटो काढायला गेलोय म्हटल्यावर वाफ तर असणारच. प्रश्न असा की ती दिसते का, आणि जे बघायचंय ते झाकते का.

घरी इडलीचं भांडं किंवा किटली उकळत असेल तेव्हा तोटीकडं नीट बघा. तोटीच्या अगदी तोंडाशी बोटभर जागा रिकामी दिसते आणि पांढरं त्याच्या पुढं सुरू होतं. खरी वाफ त्या रिकाम्या जागेत असते. ती दिसतच नाही. पुढं जे दिसतं ते हवेत निवून झालेले पाण्याचे बारीक थेंब. हवा जितकी गार आणि दमट तितके ते थेंब जास्त वेळ टिकतात. म्हणून डिसेंबरच्या सकाळी टपरीवरच्या चहावर वाफेची दोरी उभी दिसते आणि मे महिन्यात दुपारी दोन वाजता तोच चहा तोंड भाजतो, पण वाफ जवळपास दिसत नाही.

एवढं डोक्यात बसलं की वेळ ठरवणं सोपं. फोटोग्राफीच्या क्लासमध्ये शिकवतात: पहाटे नाहीतर संध्याकाळी जा, सोनेरी उजेड असतो, दुपारी कॅमेरा काढू नका. गिझरला हे चालतं, कारण तिथं वाफ हीच नायिका. रंगीत गरम कुंडाला हा सल्ला उलटा पडतो. सर ग्रँड प्रिझमॅटिक स्प्रिंगला सकाळी सातला पोचले होते. सत्तेचाळीस फोटो, एकाही फोटोत कुंड नाही. नुसती पांढरी रजई. हे कुंड शंभर मीटरच्या आसपास रुंद आहे आणि मध्ये पाणी ७० अंशांच्या घरात. गार हवेत त्यावर वाफेचा डोंगर उठतो. तिथं उशिरा जायचं, अकरा ते तीन, कडक ऊन आणि हवा तापलेली. वाफ विरळ होते आणि उभं ऊन पाण्याच्या तळापर्यंत जातं.

आणि फळ्यांच्या वाटेवरून त्या कुंडाचे गोल रंग दिसतच नाहीत. डोळे पाण्याच्या पातळीपासून जेमतेम दीड मीटर वर असतात. फेअरी फॉल्सच्या पायवाटेवर चढून वरून बघायची जागा २०१७ पासून केलेली आहे, फोटो तिथून. ड्रोनचा विचारही नको. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून ड्रोनला बंदी आहे, आणि त्याच वर्षी एका पर्यटकाचं ड्रोन याच कुंडात जाऊन पडलं होतं.

गिझरकडं वळू. पांढऱ्या वाफेमागं पांढरं आकाश असेल तर जगातला कुठलाही कॅमेरा तुम्हाला वाचवू शकत नाही. पांढऱ्या भिंतीवर खडूनं लिहिल्यासारखं ते. मागं काहीतरी गडद हवं: पाइनच्या झाडांची रांग, डोंगराची सावली, गडद निळं आकाश. आणि सूर्य तुमच्या पाठीशी नको. पाण्याचे बारीक थेंब उजेड मुख्यतः पुढच्या दिशेनं फेकतात. सूर्य वाफेच्या मागं, जरा बाजूला असेल तर वाफ आतून पेटल्यासारखी उजळते आणि तिच्या कडा सुट्या होतात. सूर्य पाठीशी घेतला तर ती कापसाच्या गठ्ठ्यासारखी सपाट दिसते. पाठीशी सूर्य घेण्याचा एकच फायदा: तुषारांत इंद्रधनुष्य धरता येतं. ते हवं असेल तर सपाट वाफ सोसा.

वाऱ्याचंही बघा. बाजूनं आडवा वारा सगळ्यात उत्तम. वाफ एका बाजूला वाहून जाते आणि दुसऱ्या बाजूला उकळत्या पाण्याचा खांब उघडा पडतो. वारा तुमच्याकडं येत असेल तर फोटोही जातो आणि फिल्टरही, वर सांगितलंच. ओल्ड फेथफुलची पुढची उसळी केव्हा ते तिथं पाटीवर लिहिलेलं असतं, दहा मिनिटं इकडं-तिकडं. आधीची उसळी छोटी झाली असेल तर पुढची साधारण तासाभरानं, मोठी झाली असेल तर दीड तासानं. लोक हा वेळ आइस्क्रीम खाण्यात घालवतात. तुम्ही तो वारा बघण्यात आणि अर्धवर्तुळ फिरून पार्श्वभूमी शोधण्यात घालवा. नदीपलीकडच्या टेकडीवर ऑब्झर्व्हेशन पॉइंट आहे. तिथून गर्दीही पायाखाली राहते. पाणी ३२ पासून ५६ मीटरपर्यंत उडतं, म्हणजे फ्रेममध्ये वर भरपूर जागा सोडा. सरांच्या फोटोंत दर वेळी गिझरचं डोकं उडवलेलं होतं.

या सगळ्यात मला विल्यम हेन्री जॅक्सन या फोटोग्राफरचं कौतुक वाटतं. १८७१ साली सरकारी सर्वेक्षणाच्या तुकडीबरोबर तो खेचरांवर काचेच्या प्लेटा लादून यलोस्टोनमध्ये फिरला. ओल्या कोलोडियनचा जमाना. प्लेटवर रसायन लावायचं, ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच तंबूत धुवायचा. त्या प्लेटवर निळ्या उजेडाचा परिणाम फार व्हायचा, त्यामुळं स्वच्छ निळं आकाशही पांढरंफटक उमटायचं. म्हणजे पांढऱ्यावर पांढरं ही आपली अडचण त्याला रोजची, आणि हाताशी ना हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) ना डिलीटचं बटण. त्याचे फोटो आणि थॉमस मोरानची चित्रं अमेरिकेच्या काँग्रेससमोर ठेवली गेली. १ मार्च १८७२ ला यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झालं.

फाईलमधला पांढरेपणा

कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर अडाणी असतं. समोर काय आहे ते त्याला कळत नाही; जे दिसेल ते सरासरी राखाडी करायचं एवढंच त्याला शिकवलंय. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर ऑटोवर ठेवून पांढऱ्या खिलार बैलाचा जवळून फोटो काढा, बैल राखाडी. काळ्या पंढरपुरी म्हशीचा काढा, म्हैसही राखाडी. वाफेचं असंच होतं. पूर्ण फ्रेम वाफेनं भरली तर मीटर घाबरून फोटो काळवंडवतं, तिथं एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, प्लस करायचं, दोन तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). पण मागं गडद झाडी आणि मध्ये वाफेचा बारीक खांब असेल तर मीटर झाडीला उजळवायला जातं आणि वाफ जळून कोरी होते. तिथं मायनस. एकच गिझर उसळीच्या सुरुवातीला मायनस मागतो आणि दोन मिनिटांनी, वाफेनं फ्रेम भरल्यावर, प्लस मागतो. म्हणून मी ऑटो सोडून मॅन्युअलवर जातो. स्वच्छ उन्हात आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) २००, लेन्सचं छिद्र एफ/८, शटर १/१००० नं सुरुवात करा. एक फोटो काढून स्क्रीनवर पांढरा भाग लुकलुकतोय का, म्हणजे जळालाय का, बघा. लुकलुकला तर शटर १/१२५० किंवा १/१६०० करा. मग उसळी संपेपर्यंत हात लावू नका. सूर्य तोच आहे, वाफ वाढली म्हणून ऊन बदलत नाही.

रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये, काढा. जळालेली वाफ रॉ मधूनही परत येत नाही, पण जरा काळवंडलेली सहज येते.

हे सगळं शिकायला अमेरिकेला जायची गरज नाही. मी पोरांना जानेवारीत पंढरपूर रस्त्याच्या एका ओळखीच्या गुऱ्हाळावर नेतो. पहाटे साडेसहा, गारठा, पत्र्याची शेड. चुलवणात चिपाडं घालतायत आणि काहिलीत रस उकळतोय. गुळव्या लांब दांड्याच्या झाऱ्यानं मळी काढतोय आणि वाफ पत्र्याला भिडून दोन्ही बाजूंनी बाहेर ओततेय. गेल्या वर्षी आमच्या दुकानातला पोरगा पहिल्यांदा आला तेव्हा तो शेडच्या आतल्या बाजूला उभा राहिला, मागं उघडं पांढरं आकाश. वीस फोटो काढले. ‘दादा, वाफ येतच नाहीय,’ म्हणाला. डोळ्यासमोर ढगासारखी उभी होती आणि फोटोत नुसता धूसरपणा.

त्याला शेडला वळसा घालून पलीकडं नेलं. आता मागं शेडचं काळंकुट्ट पोट, सूर्य डावीकडून पत्र्याच्या फटीतून आत येतोय. कॅमेरा ऑटोवर, पहिल्या फोटोत वाफ कोरी जळालेली, कारण फ्रेमचा तीन चतुर्थांश भाग अंधार. मायनस एक केलं. थोडी आली. मायनस एक आणि एक तृतीयांश केलं, आणि वाफेचे धागे वेगळे झाले. एकेक पीळ, मध्येच चिपाडाची उडालेली ठिणगी, गुळव्याच्या मनगटावरचा घाम. पोरगा स्क्रीनकडं बघत गप्प. गुळव्यानं विचारलं, ‘काय सापडलं काय त्याला?’

तिथंच दुसरी अडचणही कळते. वाफेवर ऑटोफोकस लागत नाही. तिला कडा नसतात, लेन्स घुर्रर्र करत पुढं-मागं हिंडते. काहिलीच्या काठावर फोकस करायचा आणि मॅन्युअलवर टाकून द्यायचा. गिझरला तेच: आधी तोंडाभोवतीच्या दगडावर फोकस, मग कुलूप. आइसलँडचा स्ट्रॉक्कुर हा गिझर दर सहा ते दहा मिनिटांनी उसळतो आणि फुटायच्या आधी क्षणभर पाण्याचा निळा काचेसारखा घुमट वर येतो. तो घुमट हवा असेल तर फोकस आधीच बसलेला आणि बर्स्ट (सलग फोटो) चालू असायलाच हवा. घुमट दिसल्यावर बटण दाबलंत तर उशीर झाला. (ज्या गेसिरवरून आपल्या बाथरूममधल्या डब्याला नाव मिळालं तो त्याच्या शेजारीच आहे, पण हल्ली क्वचितच उसळतो.)

मोबाईलवर: वाफेच्या उजळ भागावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर लॉक होईल, मग सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. एचडीआर बंद करून एक, चालू ठेवून एक असे दोन्ही काढा. एचडीआर तीन-चार फोटो जोडतं, आणि त्या दरम्यान वाफ हललेली असते. कधी कधी कडांना भुतं दिसतात.

तरीही घरी डीहेझ वापरायचंच असेल तर पूर्ण फोटोवर नको. मागच्या झाडीवर ब्रशनं थोडं लावा, वाफेला हात लावू नका.

कुंडाचे रंग आणि पोलरायझर

वाफ गेली, ऊन आलं, तरी कुंड पांढरट दिसतंय? मग ती आकाशाची चकाकी. इथं पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिरता फिल्टर, लागतो. पण नुसता लावून भागत नाही. पाण्याकडं बघायचा कोन जमावा लागतो. नजर पाण्याच्या सपाटीशी साधारण ३७ अंश करते तेव्हा चकाकी सगळ्यात जास्त कापली जाते. उभ्या माणसासाठी याचा अर्थ पायापासून दोन मीटरवरचं पाणी. लांबच्या पाण्यावर फरक कमी, अगदी पायाखालच्यावरही कमी. फिल्टर सावकाश फिरवा आणि तळ उघडताना बघा. दीड-दोन स्टॉप उजेड खातो हे लक्षात ठेवा. इंद्रधनुष्य असेल तर जपून. तोच फिल्टर एका बाजूला फिरवला की इंद्रधनुष्य पुसून टाकतो.

रंग फिल्टरनं ओढून वाढवू नका, ते मुळातच खरे आहेत. मधला निळा हा खोल स्वच्छ पाण्याचा. कडेचे पिवळे, नारिंगी, तपकिरी पट्टे गरम पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या थरांचे. जिथं जेवढी उष्णता तिथं त्या उष्णतेला सोसणारा जीव, म्हणून रंगांच्या कड्या. १९६० च्या दशकात थॉमस ब्रॉक या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांना यलोस्टोनच्याच गरम पाण्यात थर्मस अ‍ॅक्वॅटिकस हा जिवाणू सापडला आणि पुढं त्याच्यातलं विकर पीसीआर चाचणीच्या कामी आलं. कोविडच्या काळात नाकात काडी घालून घेतली ती आपण सगळ्यांनी. सरांना हे सांगितलं तर ते फोटोचं विसरूनच गेले, शाळेत विज्ञान शिकवायचे ना.

फळ्यांच्या वाटेवर ट्रायपॉड लावला तर शेजारून चालणाऱ्या प्रत्येक माणसागणिक फळी हलते आणि फोटो हलतो. तेही लोक ‘धुरकट’मध्ये मोजतात. माणसं थांबेपर्यंत थांबा. ट्रायपॉडचा पाय फळीच्या बाहेर जमिनीवर टेकवायचा मोह मात्र नको. तिथल्या जमिनीचं कवच कित्येक ठिकाणी पातळ असतं, खाली उकळतं पाणी.

दऱ्या

दरीतला धुरकटपणा वेगळा, आणि त्यात फार गूढ नाही. मधली हवा जितकी जास्त तितका पांढरट पडदा जाड. यलोस्टोनच्या दरीत लोअर फॉल्स ९४ मीटर उंचीवरून पडतो. आर्टिस्ट पॉइंटवरून तो बघायचा तर सकाळी, सूर्य पूर्वेकडून तुमच्या मागून धबधब्यावर पडत असताना. दुपारनंतर उजेड उलटा होतो आणि पडदा वाढतो. कडे पिवळे-तांबूस आहेत ते गरम पाण्यानं शिजलेल्या रायोलाइटमुळं आणि त्यातल्या गंजलेल्या लोहामुळं. ऑटो व्हाइट बॅलन्स (आपोआप रंग जुळवणारी सोय) हा पिवळा रंग ‘चूक’ समजून निळा ओततो. व्हाइट बॅलन्स ‘सनी’वर ठेवा, बस. लांबच्या लेन्सनं दुपारी काढलेले फोटो मऊ आले तर लेन्सला शिव्या देऊ नका. एप्रिलमध्ये नान्नजच्या माळावर दुर्बिणीतून बघितलंय ना, क्षितिज पाण्यासारखं हलतं? तेच तिथंही.

आपल्या सांदण दरीत किंवा कोकणकड्यावर हेच नियम, फक्त दगड बेसाल्टचा, काळा, त्यामुळं तिथं मीटर उलट्या दिशेनं चुकतं. म्हशीचं उदाहरण आठवा. आपण सगळे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यावरच राहतो, सोलापूरही. पण खडक ज्वालामुखीचा असला तरी खालची भट्टी केव्हाच विझलीय. कोकणातले गरम झरे तापतात ते भेगांतून खोल जाऊन परत येणाऱ्या पाण्यामुळं. त्यामुळं उसळणारा गिझर हवा असेल तर विमानाचं तिकीट काढावंच लागतं.

सरांच्या धुरकट फोटोंतले साठ-सत्तर वाचले. लोअर फॉल्सचा एक तर मी मोठा प्रिंट काढून दिला. कुंडाची पांढरी रजई तशीच राहिली. ‘पुढच्या वर्षी परत जाणारे,’ म्हणाले. तोवर सरावाला जा म्हणून गुऱ्हाळवाल्याचा नंबर दिला.

जानेवारीत एका सकाळी सात वाजता त्यांचा फोन. मागं चरकाचा आवाज, सर जोरात बोलतायत. ‘अहो, वाफ फर्स्ट क्लास आलीय, मागं अंधार घेतला. पण फिल्टरवर काकवीचा थेंब उडालाय, वाळला पण. तुमच्या त्या सिलिकासारखा आता कायमचा बसला का हो?’

‘नाही सर,’ म्हटलं, ‘साखर आहे ती. ओल्या फडक्यानं पुसा, जाईल.’